भूक मारणारी माकडशिंग : माळावरून औषधाच्या डबीत, खरं किती आणि खोटं किती?

बारामती / इंदापूर : मोबाईल उघडला की वजन कमी करणाऱ्या गोळ्यांची जाहिरात समोर येते. भूक लागणार नाही, पोट आत जाईल, पथ्य नको, व्यायाम नको, असं त्यात सांगितलेलं असतं. डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली, तर त्यातल्या काहींवर 'कॅराल्युमा फिम्ब्रियाटा' असं अवघड नाव छापलेलं दिसतं. नाव परदेशी वाटतं, पण वनस्पती आपल्याच मुलखातली आहे. मराठीत तिला माकडशिंग म्हणतात. काही भागात शिंदळ माकुडी असंही नाव आहे.

रानात राबणाऱ्या माणसानं भूक मारायला जी वनस्पती चघळली, तीच आता जास्त खाणाऱ्या माणसासाठी डबीत भरून विकली जाते. आपल्या गावातही त्या डब्या कुरिअरनं येऊ लागल्यात. म्हणून ही वनस्पती ओळखायची कशी, तिच्यावर झालेल्या अभ्यासात काय निघालं, गोळी कुणी घेऊ नये आणि माळावरून ती उपटून नेणारा व्यापारी आला तर गावानं काय करायचं, याची माहिती एका जागी देत आहोत.

माकडशिंग ओळखायची कशी?

माकडशिंग ही रुईच्या कुळातली वनस्पती आहे. दिसायला मात्र ती बिनकाट्याच्या बारीक निवडुंगासारखी असते. ओळखीच्या खुणा अशा :

- खोड हिरवं, रसदार आणि चौकोनी. बोटाएवढं किंवा त्याहून बारीक. वर जाताना निमुळतं होत जातं.
- उंची साधारण वीतभर ते दीड फूट. एका जागी अनेक फांद्यांचा झुपका.
- पानं नसल्यातच जमा. कोवळ्या शेंड्यावर बारीक पानं येतात आणि लगेच गळतात. पानांचं काम हिरवं खोडच करतं.
- फुलं बारीक, जांभळट-तपकिरी, कडेला केसांची झालर असलेली. 'फिम्ब्रियाटा' या लॅटिन शब्दाचा अर्थच झालरीचं असा आहे. फुलाला मंद कुबट वास येतो. या वासावर माश्या येतात आणि परागीकरण त्याच करतात.
- शेंगा बारीक, टोकदार, शिंगासारख्या. पिकल्यावर उकलतात आणि आतून रुईसारखं मऊ केसांचं बी वाऱ्यावर उडतं.

शेजारच्या कर्नाटकात हिला 'मंगन कोडू' म्हणतात. त्याचाही अर्थ माकडाचं शिंगच. शास्त्रीय नावातला 'कॅराल्युमा' हा शब्द तेलुगू बोलीतून आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतीतज्ज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी आंध्रच्या किनारपट्टीवरच्या वनस्पतींची चित्रं आणि वर्णनं छापली. त्यात हिची मोठी बहीण होती. तिथल्या लोकांचं तेलुगू नाव त्यांनी नोंदवलं आणि पुढं तेच सगळ्या गटाचं शास्त्रीय नाव झालं. म्हणजे साहेबाच्या पुस्तकात ही वनस्पती गेली ती गावातल्या माणसाच्या तोंडून.

माकडशिंग दख्खनच्या कमी पावसाच्या, मुरमाड, खडकाळ जमिनीत वाढते. आपल्याकडं तशी जागा म्हणजे बारामती तालुक्यातला सुपे, मोरगाव, लोणी भापकर, उंडवडीकडचा जिरायती पट्टा आणि इंदापूर तालुक्यातला कडबनवाडी, निमगाव केतकीकडचा माळ. कालव्याखालच्या उसाच्या रानात ती शोधून उपयोग नाही. माळावरसुद्धा ती उघड्यावर क्वचित उभी राहते. बोराटी, तरवड, हिवर अशा झुडपांच्या बुडाशी, काट्यांच्या आडोशाला ती जगते. तिथं सावली मिळते, ओल टिकते आणि शेरडाचं तोंड सहज पोचत नाही.

चीक पांढरा निघाला तर हात लावू नका

शेर, थोर आणि निवडुंगाच्या इतर जातींचे कोवळे तुकडे नवख्या माणसाला माकडशिंगासारखे वाटू शकतात. यातला फरक जीवावर बेतू शकतो. शेर आणि थोर मोडला की पांढरा दुधासारखा चीक निघतो. हा चीक विषारी असतो. तोंडात गेला तर तोंड आणि घसा भाजल्यासारखा होतो, पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. माकडशिंग मोडली तर पाण्यासारखा रस निघतो, दूध निघत नाही.

पण पांढरा चीक नाही म्हणजे खाण्यालायक, असा उलटा अर्थ लावायचा नाही. ज्याला वनस्पतीची पक्की ओळख आहे त्यानं दाखवल्याशिवाय रानातलं काहीही तोंडात घालू नये. मोबाईलवरचा फोटो बघून तर नाहीच नाही.

भूक मारायची वेळ का यायची?

दक्षिण भारतात आणि दख्खनच्या कोरड्या भागात माकडशिंग आणि तिच्या बहिणी कच्च्या खाल्ल्या जातात. कुठं मिठाला लावून, कुठं शिजवून भाजी, कुठं चटणी किंवा लोणचं. चव कडवट, खारट. दिवसभर शिकारीला जाणारे आदिवासी आणि रानात राबणारे मजूर भूक-तहान लागू नये म्हणून हिचा तुकडा चघळत, अशी नोंद अनेक अभ्यासकांनी केली आहे. देशातल्या उपयोगी वनस्पतींच्या सरकारी कोशातही ही भाजी म्हणून आणि दुष्काळातलं अन्न म्हणून आलेली आहे.

'दुष्काळातलं अन्न' हे शब्द आपल्याला समजावून सांगायला नकोत. आपल्या जिरायती पट्ट्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडणारी, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढणारी पिढी अजून आपल्या घरात आहे. त्या काळात माणसांनी रानातला भाजीपाला, कंद, बिया जे मिळेल ते पोटात घातलं. मेंढरं घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या मेंढपाळाला दोन वेळची भाकरी वेळेवर मिळेलच असं नसायचं. अशा माणसासाठी भूक मारणारं झाड म्हणजे सोय होती. वजन कमी करायला त्यानं ते कधी खाल्लं नाही. कमी करावं एवढं वजन त्याच्या अंगावर नव्हतंच.

म्हणून 'आपले पूर्वज हे खायचे, म्हणजे ही गोळी चांगली' हा जाहिरातीतला दावा जरा तपासून घ्यावा लागतो. पूर्वज ताजा तुकडा खायचे, गरजेपुरता, आणि संध्याकाळी मिळेल तेवढी भाकरी पोटभर खायचे. डबीत असतो तो वनस्पतीचा आटवलेला अर्क, रोज दोन वेळा, महिनोन्‌महिने घ्यायचा. या दोन गोष्टी एक नाहीत.

आघाडासुद्धा याच कामाचा

भूक मारायला वनस्पती वापरणं आपल्याकडं नवीन नाही. गणपतीच्या पत्रीत असणारा आणि बांधावर कपड्याला चिकटणारा आघाडा घ्या. संस्कृतात त्याला अपामार्ग म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायाचं नावच 'अपामार्गतण्डुलीय' आहे. तण्डुल म्हणजे आघाड्याचे तांदळासारखे दाणे. वेगवेगळ्या आजारांवरच्या पेजा त्या अध्यायात सांगितल्या आहेत. त्यात आघाड्याचे दाणे, दूध आणि घोरपडीच्या मांसाचा रस घालून केलेली पेज भूक नाहीशी करते असं म्हटलं आहे.

हे वाचून कुणी घोरपडीच्या मागं लागू नये. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे, तिला मारणं गंभीर गुन्हा आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की भूक ताब्यात ठेवणं हा वैद्यकात जुना विषय आहे. पण तिथं तो आजार बघून, वैद्यानं ठरवायचा उपाय होता. सरसकट सगळ्यांनी रोज घ्यायचा खाऊ नव्हता.

माकडशिंग डबीत कशी गेली?

माकडशिंगात 'प्रेग्नेन ग्लायकोसाइड' नावाचे घटक सापडतात. हे घटक मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला पोट भरल्याचा निरोप देत असावेत आणि शरीरात चरबी तयार होण्याच्या कामात अडथळा आणत असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञ मांडतात. अंदाज हा शब्द लक्षात ठेवा. माणसाच्या शरीरात हे नेमकं असंच घडतं, असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही.

या घटकांचा अर्क काढून 'स्लिमालुमा' या व्यापारी नावानं तो जगाच्या बाजारात गेला. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात तो पूरक आहार म्हणून विकला जातो. आता तो फिरून ऑनलाइन दुकानातून आपल्याकडं येतो. कधी एकटा, कधी ग्रीन टी, मेथी किंवा गार्सिनियाबरोबर मिसळून.

अभ्यासात काय निघालं?

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या अभ्यासाचा. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन जास्त असलेले ५० जण होते. निम्म्या लोकांना रोज १ ग्रॅम अर्क दिला, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. हे ६० दिवस चाललं. निकाल असा :

- अर्क घेणाऱ्यांची भूक आणि कंबरेचा घेर दुसऱ्या गटापेक्षा नक्की कमी झाला.
- वजन आणि अंगातली चरबी थोडी कमी होताना दिसली. पण दोन गटांतला फरक इतका नव्हता, की तो औषधामुळंच झाला असं म्हणता यावं.

जाहिरातीत पहिली ओळ मोठ्या अक्षरात असते. दुसरी ओळ नसते.

पुढं ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असाच एक छोटा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवडे पूर्ण करणारे त्यात ३३ जण होते. अर्क घेणाऱ्यांची कंबर जास्त कमी झाली. पण त्यात सगळ्यांनाच खाण्यावर ताबा आणि व्यायाम सांगितलेला होता. जाहिरातीत मात्र 'व्यायाम नको, पथ्य नको' असतं.

५० आणि ३३ माणसं म्हणजे आपल्या एका वस्तीवरची माणसं. दोन-तीन महिने म्हणजे बाजरीच्या एका पिकाचा काळ. एवढ्यावर 'हे दोन वर्षं घेतलं तर काय होईल' हे कुणी सांगू शकत नाही. या अभ्यासांत मोठा त्रास दिसला नाही, पोट बिघडणं, गॅस, बद्धकोष्ठ अशा किरकोळ तक्रारी दिसल्या, ही गोष्ट चांगली आहे. पण थोड्या दिवसांत थोड्या निरोगी माणसांना त्रास झाला नाही, याचा अर्थ शुगर-बीपीची गोळी चालू असलेल्या माणसाला तो होणारच नाही, असा होत नाही.

थोडक्यात, भूक थोडी कमी होत असावी. वजन लक्षणीय उतरतं, याला भक्कम पुरावा नाही.

आफ्रिकेतल्या होडियाची गोष्ट

माकडशिंगाची एक लांबची बहीण दक्षिण आफ्रिकेच्या वाळवंटात वाढते. तिचं नाव होडिया. तिथले सान लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला जाताना ती चघळायचे, भूक आणि तहान मारायला. सान हे आपल्या भटक्या जमातींसारखे, शिकारीवर जगणारे लोक.

तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं होडियातला भूक मारणारा घटक वेगळा काढला आणि १९९५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. मग ब्रिटनच्या फायटोफार्म कंपनीला हक्क दिले. त्या कंपनीनं ते पुढं फायझरला दिले. या सगळ्यात सान लोकांना कुणी विचारलं नाही. ही बातमी २००१ मध्ये वर्तमानपत्रातून बाहेर आली, ओरड झाली, आणि २००३ मध्ये सान लोकांना नफ्यातला हिस्सा देण्याचा करार झाला.

पण हिस्सा मिळायला नफा तर झाला पाहिजे. फायझरनं २००३ मध्ये काम सोडलं. २००४ मध्ये युनिलिव्हर आली आणि २००८ मध्ये तिनंही काढता पाय घेतला. होडिया पुरेशी सुरक्षित आणि परिणामकारक वाटत नाही, असं कंपनीनं सांगितलं. दरम्यान बाजारात 'होडिया' लिहिलेल्या डब्यांचा पूर आला. त्यातल्या कितीतरी डब्यांत होडिया नावालाही नव्हती. रानातली होडिया इतकी ओरबाडली गेली, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आणावी लागली.

यातून आपल्याला घेण्यासारखं तीन गोष्टींत सांगता येईल. ज्ञान गरिबाचं असतं आणि पेटंट दुसऱ्याचं होतं. मोठ्या कंपनीनं पैसा लावला म्हणजे औषध चालतंच असं नाही. आणि नाव गाजलं की आधी रान उजाड होतं.

डबी घ्यायचीच असेल तर आधी हे बघा

१. १४ आकडी परवाना क्रमांक : पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक लागतो. आयुर्वेदिक औषध असेल तर औषध परवान्याचा क्रमांक लागतो. दोन्ही नसेल तर परत करा.

२. 'औषधी वापरासाठी नाही' ही ओळ : पूरक आहाराच्या डबीवर या अर्थाची इंग्रजी ओळ छापावी लागते. म्हणजे जी वस्तू औषध नाही असं डबीच सांगते, ती जाहिरातीत औषध म्हणून विकली जात असेल, तर कुठंतरी पाणी मुरतंय.

३. हमखास वजन उतरवण्याचा दावा : १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं या कायद्यात बसत नाही.

४. डबीतली भेसळ : वनस्पतीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वजन उतरवण्याच्या गोळ्यांत 'सिब्युट्रामिन' हे रासायनिक औषध मिसळलेलं अनेक देशांत पकडलं गेलं आहे. ते रक्तदाब वाढवतं आणि हृदयाला धोका करतं. भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे. गोळी सुरू केल्यावर छातीत धडधड, झोप उडणं, घशाला कोरड, हातापायाला कंप असं जाणवलं तर गोळी ताबडतोब थांबवा आणि डबी घेऊनच दवाखान्यात जा.

५. बरोबर काय मिसळलंय : काही डब्यांत गार्सिनिया असतं. हे कोकमाच्या जातीचं फळ. घरचं कोकम सरबत वेगळं आणि हा कडक अर्क वेगळा. गार्सिनियाचा अर्क घेणाऱ्या काहींच्या यकृताला, म्हणजे लिव्हरला, इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे किंवा लघवी पिवळी झाली तर वाट बघत बसू नका.

फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती, डबी आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

ही गोळी कुणी अजिबात घेऊ नये?

- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका.
- १८ वर्षांखालची मुलं-मुली.
- शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेले. गोळी चालू आणि जेवण कमी, असं झालं तर साखर एकदम उतरून चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडू शकतो.
- बीपी, हृदय, लिव्हर किंवा किडनीचा आजार असलेले.
- ऑपरेशन ठरलेलं असेल असे.
- रक्त कमी असलेल्या मुली आणि बायका.

शेवटचा मुद्दा आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. लग्न ठरवायच्या वयातल्या मुलीला 'जरा बारीक हो' म्हणून घरचेच टोचून बोलतात, आणि ती चोरून गोळी मागवते. जिला भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, डाळ जास्त लागते, तिचीच भूक मारायची, हा उलटा व्यवहार झाला. अशा मुलीला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासा. ते फुकट होतं.

वजन खरंच जास्त असेल, तर रात्रीचं जेवण लवकर, चहातली साखर कमी, तळलेलं कमी आणि रोज अर्धा-पाऊण तास चालणं, हे अजूनही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचं आहे. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून आपलं चालणं कमी झालं, हेही मान्य करायला हवं.

व्यापारी माळावर आला तर?

रसदार खोडात बहुतेक पाणीच असतं. वाळवल्यावर हातात फार थोडं उरतं. म्हणजे एक किलो वाळलेला माल द्यायला माळावरची कितीतरी झुडपं जातात. ही वनस्पती सावकाश वाढते. बुडापासून उपटली की त्या बोराटीच्या बुडाशी ती पुन्हा येईलच असं नाही. त्यात माळ तसाही कमी होतोय. कुठं मुरूम उचलला जातो, कुठं जमीन सपाट करून पाइपलाइन येते, कुठं माळाला पडीक समजून चर खोदून झाडं लावली जातात. चिंकारा, लांडगा, माळढोकासारखे गवताळ रानातले जीव जसे या माळावर अवलंबून, तशीच ही वनस्पती.

याबाबत कायदा काय सांगतो, ते गावाला माहीत पाहिजे :

- सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ पासून संरक्षित आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उपटून नेणं गुन्हा आहे. वन विभागाच्या इतर जमिनीवरूनही परस्पर माल काढता येत नाही.
- जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याबद्दलचं लोकांचं ज्ञान या समितीनं लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून ठेवायचं असतं.
- गावातला माणूस, मेंढपाळ, वैदू स्वतःच्या वापरासाठी वनस्पती घेतो, त्याला या कायद्याची आडकाठी नाही. पण कंपनीला रानातून व्यापारासाठी माल न्यायचा असेल तर आधी राज्य जैवविविधता मंडळाला कळवावं लागतं आणि फायद्यातला हिस्सा द्यावा लागतो. आपल्या राज्याचं मंडळ नागपूरला आहे.
- व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार गावच्या समितीला आहे.
- भारतीय कंपन्यांनाही हिस्सा द्यावा लागतो, असं उत्तराखंड उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं.
- कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. आयुष वैद्यांना आणि शेतात लावलेल्या औषधी वनस्पतींना त्यात सवलती मिळाल्या. रानातल्या मालाबद्दलची कंपनीची जबाबदारी मात्र संपलेली नाही.

बऱ्याच गावांत ही समिती कागदावर असते आणि नोंदवही कपाटात. पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा : आपली नोंदवही कुठं आहे, आणि त्यात माकडशिंग आहे का? नसेल तर गावातल्या जुन्या मेंढपाळाला, वैदूला, आजीला बसवून नाव, जागा आणि वापर लिहून घ्या. सान लोकांचं ज्ञान आधी कुणी असं लिहून ठेवलं असतं, तर त्यांना नंतर भांडावं लागलं नसतं.

लागवड करावी का?

हा प्रश्न शेतकरी विचारणारच. माकडशिंग फांदीपासून लागते. निरोगी फांदी कापून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यायची, जखम वाळली की मुरूम-वाळू मिसळलेल्या, पाणी न साचणाऱ्या मातीत उथळ लावायची. पाणी अगदी बेतानं. जास्त पाण्यानं ती सडते, हाच तिचा मोठा रोग. परसात, कुंडीत, बांधावर झुडपाच्या आडोशाला दोन-चार फांद्या जगवायला काही हरकत नाही. फांदी घेताना सगळा झुपका उपटायचा नाही, एखादी फांदी घ्यायची.

एकरभर लावायचा विचार असेल तर मात्र सबुरीनं घ्या. सफेद मुसळी, कोरफड, इमू यांच्या वेळी काय झालं ते आठवा. रोप किंवा पिल्लू महाग विकायचं, 'माल आम्हीच उचलू' असं सांगायचं, आणि माल तयार झाला की फोन बंद. माकडशिंगाला आपल्या बाजार समितीत भाव निघत नाही. म्हणून खरेदीदाराचा लेखी करार, त्यात दर, मुदत आणि आगाऊ रक्कम नसेल, तर एक गुंठाही लावू नका. शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात जाऊन आधी विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

लक्षात ठेवायच्या गोष्टी

- माकडशिंग खरी आहे, आपली आहे, आणि भूक थोडी कमी करत असावी.
- ती वजन उतरवते, याला भक्कम पुरावा नाही. अभ्यास छोटे आणि थोड्या दिवसांचे आहेत.
- पांढरा चीक निघणारं झाड माकडशिंग नव्हे. पक्की ओळख असल्याशिवाय तोंडात घालू नका.
- शुगर-बीपीची गोळी चालू असलेले, गरोदर बायका आणि अशक्त मुली यांनी डबीपासून लांब राहावं.
- माळावरून पोती भरून नेणारा दिसला तर ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला कळवा.
- गावच्या नोंदवहीत तिचं नाव लिहून घ्या. जाणती माणसं आहेत तोवरच हे काम होणार आहे.